कांद्यावरची पात

"डिमेन्शिया म्हंजे काय रे, रवी?"

आईनं हे विचारलं तेव्हा गंगापूर रोडच्या सिग्नलला अजून चाळीसेक सेकंद उरले होते आणि मी ते उतरत जाणारे आकडे बघत बसलो होतो. गाडी उभीच होती, तरी माझा पाय ब्रेकवर आणखी दाबला गेला. तिनं शब्द कुठं मोडला नव्हता. स्टेशनला ती अजून ठेसन म्हणते, आमच्या सोसायटीच्या इंग्रजी नावाचा तर तिनं पहिल्या दिवसापासून पार चोथा केलाय, पण हा शब्द असा अख्खा, स्वच्छ, शेवटी जरा रेंगाळत आला की मला त्यात माझाच आवाज ऐकू आला. तो तिनं माझ्याकडूनच घेतला होता. "कुठं ऐकलास?" मी विचारलं. ज्यानं चोरी केली त्यानंच काय काय गेलं म्हणून चौकशी करावी, तसा माझा सूर होता.

"दवाखान्यात," ती म्हणाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती गावाहून आमच्याकडं आली होती, त्यानंतरच्या तपासणीला मागच्या आठवड्यात माझ्या बायकोनं, उज्वलानं, तिला नेलं होतं. तिथं शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारी होती, ती पोटच्या लेकीला ओळखत नव्हती, मावशी म्हणून हाक मारत होती. त्या लेकीनं माझ्या आईला आजाराचं नाव सांगितलं. "मला वाटलं, हे नाव आपन ऐकलंय. कुठं ऐकलं, कुठं ऐकलं, दोन दिवस डोक्यात तेच. मंग आठवलं. त्या गोऱ्याच्या वावरात."

मागून हॉर्न वाजायला लागले. सिग्नल सुटला होता. मी गाडी पुढं काढली आणि रस्त्याकडे नको इतकं लक्ष देत म्हणालो, "अगं, म्हातारपणी होतो तो एक आजार. विसरायला होतं माणसाला." "मला झालाय तो?" "काहीतरीच काय! तो गोरा त्याच्या आईबद्दल सांगत होता. त्याच्या आईला होता." हे खोटं नव्हतं. निदान अर्धं तरी खोटं नव्हतं, एवढ्यावर मी मनातल्या मनात खूश झालो. तिनं काळा चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे वळली. "तो नंतर बोलला, रवी. आधी तू बोलला. मंग त्यानं टोपी काढली. मंग तो त्याच्या आईचं बोलला." तीन महिन्यांपूर्वीचं, परक्या भाषेतलं, तिला अक्षर कळत नसताना झालेलं बोलणं तिनं असं क्रमवार माझ्यासमोर मांडलं, आणि ह्या बाईची स्मृती गेलीय असं मी जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन सांगून आलो होतो.

मी गिअर बदलला. माझ्या गप्प बसण्याचा तिनं तिच्या परीनं अर्थ लावला. "डॉक्टरनं सांगितलं असंल तुला," ती हळूच म्हणाली. "इमानात बसायच्या आधी तपासन्या केल्या ना माझ्या, तवाच. तू लपवलं. माझ्या जीवाला घोर नको म्हनून." आणि तिनं गिअरवरच्या माझ्या हातावर दोनदा थोपटलं. "मी नाय रागावले तुझ्यावर. लेकाची मायाच हे ती." त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. तीन वाक्यांचं काम होतं. मी दिंडोरी रोडला वळलो, इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, आणि नाही बोललो. तिथून आमच्या गावापर्यंत, कळवणच्या अलीकडच्या फाट्यापर्यंत, दोन तासांचा रस्ता आहे.

रविवार होता. एप्रिल लागला होता, उन्हाळ कांदा काढणीला आला होता. धाकटा भाऊ समाधान शेती बघतो. ट्रॅक्टर त्याचा, ठिबक त्याचं, बाजारभावाची गणितं त्याच्या मोबाइलमध्ये. पण कांदा कधी उपटायचा हे मात्र आजतागायत आईनं ठरवलंय. ती वावरात उतरते, चार-दोन ठिकाणी वाकते, कांद्याची मान, जिथून पात फुटते ती, दोन बोटांत धरून दाबते आणि 'काढा' म्हणते किंवा 'आठ दिस थांबा' म्हणते. वडील गेले त्या वर्षीसुद्धा दहाव्यानंतर ती उठली ती आधी वावरातच गेली. समाधान सकाळपासून दोनदा फोन करून बसला होता, बाया आल्यात, आईला लवकर आण. म्हणून मी तिला घेऊन निघालो होतो. एकटाच, मुलीची, वेदिकाची, परीक्षा होती. खरं म्हणजे परीक्षा संपली होती. वेदिका हल्ली माझ्याबरोबर गाडीत पुढं बसत नाही आणि मीही तिला फारसा आग्रह करत नाही.

न्यूझीलंडला गाडी घेऊन फिरायचं, स्वतः चालवायची, हे माझ्या डोक्यातलं खूळ. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनला आमच्या डिपार्टमेंटमधले दोघं-तिघं युरोपला जाऊन आले होते, पण बसमध्ये कोंबून, झेंड्याच्या मागं मागं. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, आपण सेल्फ ड्राइव्ह. तिथंही रस्त्याची डावी बाजूच, आपल्यासारखीच, काही अवघड नाही. आईला न्यायचं उज्वलाच्या मनात फारसं नव्हतं, माझ्या मात्र होतं, आणि त्यात नुसती माया होती असं म्हणण्याचं धाडस आता होत नाही. म्हाताऱ्या आईला परदेश दाखवणारा मुलगा, हा फोटो मला हवा होता. उज्वलानं तिला स्पोर्ट्स शूज घेतले, नऊवारीवर घालायला माझा जुना जाड स्वेटर काढला. विमानतळावर एक फॉर्म भरायचा होता, त्यात विचारलं होतं की गेल्या महिन्याभरात शेतावर गेला होतात का. आई निघायच्या चारच दिवस आधी गुडघाभर चिखलात उभी राहून कांद्याची रोपं लावत होती. मी तिच्या नावापुढं 'नाही'वर खूण केली. उगाच चौकशी, बॅगा उघडणं, लोकांदेखत तिचे बूट काढून बघणं नको म्हणून. त्यानंतरचे बारा दिवस गणवेशातला कुणीही दिसला की मला ती खूण आठवायची.

आणि मी काय गाडी चालवली तिथं! नाशकात मी झेब्रा क्रॉसिंगवर आयुष्यात थांबलेलो नाही, तिथं बदकं रस्ता ओलांडत होती म्हणून इंजिन बंद करून थांबलो. भाड्याच्या गाडीत इंडिकेटरची दांडी डावीकडं होती, वळायचं असलं की सवयीनं हात उजवीकडं जायचा आणि भर उन्हात वायपर फिरायला लागायचे, तेव्हा आजूबाजूच्या गाड्यांतल्या लोकांनी पाहिलं की काय म्हणून माझे कान तापायचे. वेदिका हसायची, मी तिच्यावर खेकसायचो. हळू बोला. खिडकीतून हात काढू नका. डबा बाहेर उघडू नका, वास जातो. आई मागच्या सीटवर बसून तिच्या आवाजात, म्हणजे दोन वावरांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, बघितलेलं सांगत राहायची. मेंढ्या बघ किती, राखनदार कुठंच नाय. बांध बघ कसे. मी काच वर करायचो. माझ्या आत काय चाललंय हे तेव्हा कळत नव्हतं असं नाही. दर पेट्रोल पंपावर, दर कॉफीच्या दुकानात, मी कुणीतरी वेगळा होत होतो. नियम पाळणारा, हळू बोलणारा, सॉरी आणि थँक्यू म्हणणारा एक नीटनेटका माणूस. आणि त्या माणसाच्या मागच्या सीटवर कळवणची मालनबाई बसलेली होती.

दिंडोरी मागं पडली. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा छाटणी होऊन उघड्याबोडक्या उभ्या होत्या, नुसते खुंट आणि तारा. आई एरवी अशा वेळी बोलत राहते. कुणाची छाटणी उशिरा झालीय, कुणी पाणी जास्त सोडलंय. आज तिचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. डोंगराकडे तोंड होतं, मला वाटलं देवीचं नाव घेतेय. मग कानावर आलं, "नाल्याकडचं. आंब्याचं. मोठं वावर. थोरलीच्या हिश्श्याचं." ती आमच्या वावरांची नावं घेत होती. ती संपल्यावर नातवंडांची, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, कोण कुठल्या वाराचं. एकदा अडखळली, परत पहिल्यापासून सुरू केलं. ती स्वतःची परीक्षा घेत होती. आणि मग मागचा सगळा आठवडा माझ्यासमोर उलगडत गेला, जो मी पाहिला होता आणि पाहिला नव्हता. गॅसचं बटण तीन-तीनदा बघणं. वेदिकाला बोलावून 'मला पाढे इचार गं' म्हणणं. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत बिनचूक गेली तेव्हा मी पेपरातून मान वर काढून 'वा, आई, नापास होत नाहीस' म्हणून हसलो होतो, आणि तिनं मात्र देवाला हात जोडले होते. मंगळवारी तिनं पाटल्या उतरवून उज्वलाच्या हातात दिल्या, 'राहू दे तुझ्याकडं, इसरले-बिसरले तर'. उज्वला म्हणाली होती, आईंना काय झालंय हो? मी म्हणालो होतो, वय झालं.

त्या गोऱ्याच्या वावराच्या दिवशी आम्ही ऑकलंडला परत निघालो होतो. पुकेकोहे नावाच्या गावाजवळ मोबाइलनं आम्हाला मोठ्या रस्त्यावरून खाली उतरवून शेतातल्या रस्त्याला लावलं. तांबडी माती, इतकी आपली की उज्वला म्हणाली, हे तर सटाण्याच्या रस्त्यासारखं दिसतंय. मी गवताच्या कडेला गाडी लावून नकाशात डोकं घातलं. उज्वला पाणी पीत होती. वेदिका मागं कानात गाणी घालून बसली होती. दोन मिनिटं गेली असतील. मान वर केली तर आईची जागा रिकामी, दार उघडं. बांधावर तिचे स्पोर्ट्स शूज शेजारी शेजारी नीट ठेवलेले, देवळाबाहेर ठेवावेत तसे, आणि ती वावरात. कांद्याचंच वावर होतं ते. यंत्रानं उपटून ओळीनं वाळत घातलेला कांदा, नजर पोचेपर्यंत. आमच्याकडे उपटलेला कांदा असा ठेवतात की एका ओळीची पात आधीच्या ओळीच्या कांद्यांवर पडते. उन्हानं कांदा भाजत नाही, पातीच्या सावलीत सुकतो. इथं यंत्रानं कांदा कसाही टाकला होता, पात एकीकडं, कांदा एकीकडं, वर तळपतं ऊन. आईनं नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचली होती आणि ती दोन्ही हातांनी मूठ-मूठ कांदा उचलून पात आधीच्या ओळीवर घालत चालली होती. सात-आठ हात ओळ तिनं झाकलीही होती. त्या वावराचा पसारा बघता तिला ते आवरायला वर्ष लागलं असतं. पण ती अशी कामाला लागली होती की जणू समाधान आता ट्रॅक्टर घेऊन येईल आणि तिच्यावर ओरडेल.

मी हाका मारत धावलो. तेवढ्यात दुसरीकडून चार चाकांच्या मोटरसायकलवर तो आला, उंच, साठीचा, उन्हानं रापलेला, डोक्यावर गोल टोपी. रागानं नाही बोलला. 'सगळं ठीक आहे ना?' एवढंच विचारलं. मी आईकडे पाहिलं. अनवाणी पाय घोट्यापर्यंत तांबडे, स्वेटरच्या बाह्या वर, कपाळावर घाम, आणि चेहरा एकदम खुललेला, ती त्याच्याकडे बघून मराठीतच म्हणाली, "दादा, कांदा उघडा नको ठेवू असा, भाजंल सारा." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला किती वाक्यं सुचायला हवी होती. माझी आई शेतकरी आहे. ती हे चाळीस वर्षं करतेय. तिला राहवलं नाही. तो शेतकरी होता, त्याला पहिल्याच शब्दाला समजलं असतं. पण माझ्या डोक्यात तो फॉर्म होता, 'नाही'वरची खूण, दंड, पोलीस. निदान तेव्हा मी तसं स्वतःला सांगितलं. आता ह्या रस्त्यावर मला ते पटत नाही. भीती नव्हती ती. तिचे ते उघडे पाय होते, तो आवाज होता, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत मी तिचा कुणीतरी आहे हे दिसत होतं. माझ्या तोंडून इंग्रजीत आलं, 'सॉरी. ती माझी आई आहे. तिला बरं नसतं. डिमेन्शिया.'

त्यानं टोपी काढली. ओरडला असता, फोटो काढला असता, पोलिसाला बोलावलं असतं तर मी आज सुटलो असतो. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, त्याच्याही आईला तेच होतं, शेवटची सहा वर्षं, ती अशीच वावरात जाऊन उभी राहायची. मग आईजवळ गेला, वाकला, लहान मुलाशी बोलतात तसं सावकाश, मोठ्यानं काहीतरी बोलला, आणि तिचं कोपर धरून, ढेकळातून एकेक पाऊल टाकत, बांधापर्यंत घेऊन आला. खाली बसून त्यानं तिचे शूज तिच्यासमोर सरळ केले. ओळीतला एक मोठा कांदा उचलून तिच्या हातात दिला. आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. तो हसला, पण त्याचे डोळे ओले झाले होते, आणि मी गाडीची किल्ली हातात घट्ट धरून उभा होतो. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "तू काय सांगितलं रे त्याला?" मी आरशात न बघता म्हणालो, "सांगितलं, माझी आई आहे, चाळीस वर्षं कांदा पिकवते." तिनं मांडीवरचा कांदा दोन्ही हातांत घेतला. मग म्हणाली, "तरीच. शेतकऱ्याला कदर आसती." उज्वला माझ्या कानाशी हसत कुजबुजली, आजाराचं बरं सुचलं हो तुम्हाला. आणि वेदिकानं कानातलं काढलेलं होतं. "पप्पा, आजीला काय झालंय?" तिनं इंग्रजीत विचारलं. मी म्हणालो, नंतर सांगतो.

एकलहऱ्याला कँटीनमध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला. आईला वेडी ठरवून सुटलो यार, नाहीतर गेलो होतो आत. टेबलावर हात आपटून हसले सगळे. मला तो किस्सा जमून आला म्हणून बरंही वाटलं. त्याच सुमारास आई गावाकडं तिचा किस्सा सांगत होती. परदेशातला गोरा शेतकरी, एवढा मोठा बागायतदार, तिचा हात धरून बांधापर्यंत आला, पायताणं सरळ केली, कारण तिच्या लेकानं त्याला सांगितलं की माझी आई चाळीस वर्षं कांदा पिकवते. निंदणीला, हळदीला, बाजारच्या गाडीत. समाधान फोनवर सांगायचा, आईचं ते पाठ झालंय सगळ्यांना, बाया मुद्दाम सांगायला लावतात. तो कांदा तिनं आणायचा हट्ट धरला होता, मी विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावला.

वणीला चहाला थांबलो. आई बशीतून चहा पीत म्हणाली, "उज्वलाला नको सांगू. घाबरंल ती. आन् मी तुमच्याकडं नाय राहनार शेवटी. वेदूला ओळखलं नाय तर तिला कसं वाटंल?" हॉटेलवाल्याचा रेडिओ चालू होता, कुणीतरी भज्यांची ऑर्डर देत होतं. मी 'आई' म्हणालो. ती 'काय' म्हणाली. मी म्हणालो, "बिस्किट घेतेस?" नांदुरीचा घाट चढताना मी ठरवलं, वर गेल्यावर सांगायचं. वर गेल्यावर ठरवलं, उतार संपल्यावर. ती पुन्हा वावरांची नावं घेत होती आणि ह्या वेळी एकदाही चुकली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर त्याचा आनंद दिसत नव्हता. खोटं सांगितल्याचं ओझं होतं असं म्हणणं सोपं आहे. मला खरी लाज ह्याची वाटत होती की तिनं दिलेली ती 'लेकाची माया' मी दोन तास खिशात घालून बसलो होतो, आणि ती परत द्यायला माझा हात पुढं होत नव्हता.

वावरात बारा-तेरा बाया झाडाखाली पदर खोचून तयार बसल्या होत्या. भागीबाई, जी माझ्या लहानपणापासून आमच्याकडे येते, ती हसली, "आली गं मालकीन." समाधान पुढं झाला. "आई, माना पडल्यात निम्म्याच्या वर. बघ बरं, काढायचा का?" आई बांधावर उभी राहिली. शूज पायातच होते. तिनं वावराकडे पाहिलं, खूप वेळ, आणि मग दोन पावलं मागं आली. "तुमचं तुम्ही बघा आता," ती म्हणाली. समाधानला वाटलं चेष्टा करतेय. "अगं बघ ना, बाया खोळंबल्यात." "माझ्यावर नको ठेवू समाधान. चुकलं तर वर्षाचं पीक जाईल. माझं डोकं नाय राहिलं पहिल्यासारखं." समाधाननं माझ्याकडे पाहिलं. बायांची कुजबुज थांबली. आई कुणाकडेच बघत नव्हती. पाटल्या नसलेले हात तिनं पदराखाली घेतले होते.

मी तिला विहिरीकडं घेऊन गेलो. मोटारीच्या खोलीच्या सावलीत सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. मागून-पुढून, आधी फॉर्म, मग दंड, मग ते सगळं सोडून सरळ. "आई, तुला काही झालेलं नाही. कुठल्या डॉक्टरनं काही सांगितलेलं नाही. त्याला मी खोटं सांगितलं."

तिनं चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता. "म्हंजे आजार नाय मला?" "नाही." "खरं सांग, रवी. आता नको लपवू." "शपथ. तुझी शपथ. काही नाही." तिनं श्वास सोडला आणि ती हौदाच्या काठावर मटकन बसली. तिचा चेहरा असा मोकळा झाला की क्षणभर मला वाटलं संपलं, निभावलं, मी सुटलो. "बरी हे मी," ती स्वतःशी म्हणाली, चक्क हसली. मग ते हसू हळूहळू ओसरलं. "मंग तसं का सांगितलं रे?"

"लाज वाटली."

"कोनाची?"

 ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी हौदातल्या शेवाळाकडे. मग तिनं मान खाली घालून स्वतःचे हात पाहिले, दोन्ही बाजूंनी. "म्हंजे तो गोरा," ती थांबत थांबत म्हणाली, "येडी समजून हात धरला त्यानं माझा." मी म्हणालो, "आई, मला माफ कर." ती ऐकलं न ऐकलंसं करून उठली.

बांधावर येऊन तिनं शूज काढले, एकाशेजारी एक ठेवले. वावरात उतरली. चार ठिकाणी वाकली, मान दाबून बघितली, एक कांदा उपटून हातात फिरवला. "काढा," ती म्हणाली, आणि बाया उठल्या.

मी परत जायला हवं होतं, सोमवारी पहिली पाळी होती. पण मी बांधावर उभा राहिलो, पायात बूट, हातात किल्ली. बाया उपटत पुढं चालल्या होत्या आणि आई त्यांच्या मागं ओळ लावत होती. पात मागच्या कांद्यांवर, पुन्हा पात, पुन्हा पात. ऊन वाढलं होतं. तासाभरानं भागीबाई कंबर सरळ करत म्हणाली, "मालनबाई, त्या गोऱ्याचं सांगा ना. ही शुभांगी नवी हे, हिनं नाय ऐकलं." नव्यानं लग्न होऊन आलेल्या पोरीनं वर पाहिलं. आईचे हात चालू राहिले. मला वाटलं ती नाही सांगणार. मला वाटलं ती सांगेल, खरं ते सांगेल, आणि मला त्या क्षणी तेच हवं होतं. सगळ्यांसमोर, समाधानसमोर, एकदाचं.

"कांदे उघडे पडले व्हते," आई म्हणाली. "मला राहवलं नाय. उतरले."

"मंग तो आला. हात धरला त्यानं," भागीबाईनं पुढचं जोडलं.

"धरला. बांधापतुर आनलं."

"आन् रवीभाऊनं काय सांगितलं त्याला, इंग्रजीत?" भागीबाईनं विचारलं. उत्तर तिला पाठ होतं, सगळ्यांनाच होतं. नव्या सुनेनं ते आईच्याच तोंडून ऐकावं म्हणून तिनं विचारलं. दोघी-तिघींनी हात थांबवून माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

आईनं हातातली मूठ ओळीवर ठेवली, पात मागच्या कांद्यांवर नीट पसरवली. मान वर केली नाही. "आई हे माझी, म्हनला."

"आन् ते चाळीस वर्षांचं?"

"तेवढंच म्हनला," आई म्हणाली आणि तिनं पुढची मूठ उचलली. "बाकीचं माझं मीच जोडलं व्हतं."